सातवी रेघ

“उपट,” सबनीस साहेब म्हणाले, “पण आधी नोंद घे.”

मी टेप लावला, खांबापासून एकेका रेघेचं अंतर वहीत लिहिलं आणि मग पहार घेऊन उपटायला लागलो. रेघा दगडांच्या होत्या. पटांगणाच्या मधोमध दीड पुरुष उंचीचा एक लाकडी खांब आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, पूर्वेला नि पश्चिमेला, चपट्या दगडांच्या उत्तर-दक्षिण ओळी. दगड अर्धे जमिनीत पुरलेले. पहारेने उचकटायचा आणि उतारावर भिरकावून द्यायचा. शेवटी खांबही काढला आणि आडवा टाकला. जूनचा महिना, शुक्रवार, दुपारचे बारा वाजून गेलेले. मजुरांना शुक्रवारची सुट्टी होती. साहेबांना नव्हती, त्यामुळे मलाही नव्हती.

“कुणाचं काम असेल हे?” मी विचारलं.

“मागे एक सर्व्हे पार्टी येऊन गेली होती, त्यांचंच. खांब उभा करायचा, भोवती दगड मांडायचे. जाताना मोडून जायची पद्धत नाही लोकांना.” साहेब दुर्बिणीचा तिपाया रोवत होते. “लक्षात ठेव देवरे, जुनी खूण शिल्लक ठेवली की कधी ना कधी आपलाच माणूस तिच्यावर दुर्बीण लावतो. मग बसा बोंबलत.”

हा साहेबांचा नियमच होता. परक्याची खूण दिसली की मोडायची. मोडण्याआधी वहीत नोंदवायची. पुण्याचा माणूस, नियमाला पक्का. मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढली आणि कामातलं जे काही मला येतं ते त्यांच्यामुळेच येतं, हे आधीच सांगून ठेवतो.

ही गोष्ट एकोणीसशे ब्याऐंशीची, मस्कतची. मी सत्तावीस वर्षांचा होतो. मस्कत समुद्राच्या काठी आहे हे खरं, पण समुद्राकडे माझी बहुतेक पाठच असायची. शहराच्या मागे लगेच डोंगर सुरू होतात आणि त्या डोंगरांतून आत जाणाऱ्या रस्त्याची आखणी आमच्या कंपनीकडे होती. डोंगर म्हटलं की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे निदान करवंदाची एखादी जाळी येते. तिथे मातीच नाही. नुसता दगड, करपलेल्या भाकरीच्या रंगाचा, आणि हात ठेवला तर तव्यासारखा तापलेला. धारेवर उभं राहिलं की एका अंगाला खाली पांढरी घरं आणि निळी पट्टी दिसायची, दुसऱ्या अंगाला एकामागे एक डोंगर. झाड म्हणाल तर कोरड्या नाल्यात बाभळीचं एखादं खुरटं भावंड, नाहीतर बोर. बोर दिसली की मला बरं वाटायचं. मी साक्रीकडचा, बोरीबाभळीतलाच.

अशाच डोंगरांच्या एका घडीत बारा घरांचं एक गाव होतं. नाव सांगत नाही, माणसं अजून असतील तिथे. गावाच्या डोक्यावर ते पटांगण. तिथून दोन्हीकडचे डोंगर दिसायचे, म्हणून आम्हाला तिथे आमची खूण हवी होती. आम्ही मागच्या बाजूने चढून आलो होतो. गावातले पुरुष त्या वेळी जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. आम्हाला कोणी पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी आमच्या तंबूंपाशी एक म्हातारा गाढवावर बसून आला. पांढरा पायघोळ झगा, डोक्यावर भरतकाम केलेली टोपी, हातात काठी. उतरता उतरताच म्हणाला, “इधर बंबई का आदमी कौन है?”

त्यांचं नाव सलीम बिन नासर. तरुणपणी अकरा वर्षं मुंबईच्या बंदरात खजुराच्या गोण्या उतरवून घेतलेल्या. त्यांची हिंदी मस्जिद बंदरची, माझी धुळ्याची, त्यामुळे दोघांचं झकास जमलं. मी त्यांना चाचा म्हणू लागलो. त्यांचं बोलणं इथे मराठीतच सांगतो.

चहा झाला, खजूर झाले. मग ते म्हणाले, “वर पटांगणात आमचं घड्याळ आहे. काल कोणीतरी मोडलं.”

“घड्याळ?” साहेबांनी विचारलं.

“पाण्याचं.” चाचांनी काठी वाळूत उभी रोवली आणि तिच्या सावलीवर बोट ठेवलं. “डोंगरातून पाट येतो आमचा. रात्रभर हौद भरतो. दिवसा बारा घरांना पाळीपाळीने पाणी सोडतो. सावलीचं टोक एका रेघेवरून दुसरीवर गेलं की एक भाग झाला, तुमच्या घड्याळाचा अर्धा तास. कुणाचा एक भाग, कुणाचे दोन. बघून हाळी द्यायची, हे माझं काम. माझ्या बापाचंही तेच होतं.”

साहेबांनी खजुराची बी तोंडातून काढली, ती कुठे टाकावी ते सुचेना म्हणून तशीच मुठीत धरली.

“काल दुपारपासून अंदाजाने पाणी देतोय,” चाचा सांगत होते. “प्रत्येकाला वाटतं आपल्याला कमी मिळालं. आज सकाळी दोघा भावांत फावडी उगारली गेली. या दिवसांत एक पाळी चुकली की झाडावरचा खजूर सुकून गळतो. तुम्ही वर-खाली फिरत असता. कोणाला पाहिलंत का तिकडे?”

“नाही बुवा,” साहेब म्हणाले. “नाही पाहिलं.”

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मीही नाही म्हणून मान हलवली.

“काल नमाजाला सगळे होते,” चाचा म्हणाले. “एकटा हमूद नव्हता. गाढवीण विणार होती म्हणून थांबलो असं सांगतो. गाव म्हणतं, त्यानेच मोडलं.”

हमूदला मी ओळखत होतो. गावातला सगळ्यात आडमुठा माणूस. आमची जीप त्याच्या पाटावरून गेली तेव्हा फावडं घेऊन आडवा आला होता. सलामाला सलाम देईल तर शपथ. मला तो पहिल्यापासून आवडला नव्हता, आणि त्याचं नाव ऐकल्यावर क्षणभर मला हलकं वाटलं. ही गोष्ट मी पुढे बरीच वर्षं कोणाला सांगितली नाही.

चाचा हौदाकडे जायला निघणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, “आम्हाला सूर्याचं गणित येतं. आमचा हा माणूस तुमच्या रेघा परत मांडून देईल. एका दिवसाचं काम.”

चाचांनी दोन्ही हात छातीवर ठेवले आणि ते गाढवावर बसून गेले.

“साहेब, ते दगड...”

“कळलं मला. मी आंधळा नाही.” साहेब पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलले. “इथला वाली म्हणजे कलेक्टरच, त्याची परवानगी मिळवायला चार महिने गेलेत. गावाचं पाणी तोडलं म्हणून बोभाटा झाला तर काम बंद, आणि आपण दोघं पुढच्या विमानात. आपण मोडलं, आपण जोडून देतोय. नुकसान कुणाचं झालं?”

“हमूदचं.”

“त्याचं तो बघेल. तू गणिताला बस.”

बसलो. बसल्यावर मला खरी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. सूर्य बघून दिशा काढणं हे माझं रोजचं काम. उभा खांब आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रेघा, एवढं समोर असून मला उमगलं नाही. का, तर जूनमध्ये तिथे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्याच बुडात जाते, आणि आम्ही नेमके तेव्हा तिथे पोचलो होतो. तासभर उशीर झाला असता तर सावलीनेच सांगितलं असतं. आमचा मेला वक्तशीरपणा नडला.

दर अर्ध्या तासाला सावलीचं टोक कुठे पडेल ते काढलं. शेजारी वहीतली जुनी अंतरं लिहिली. बघतो तर काय, नुसत्या डोळ्यांनी मांडलेलं ते काम, पण बोटाबोटाने जुळत होतं. साहेबही खूश झाले. फक्त एक रेघ जुळेना. दुपारनंतरची सातवी. ती जुन्या नोंदीत खांबापासून वीतभर लांब होती. त्या वेळेला वीतभर म्हणजे दहा मिनिटं.

“चूक झालीय बिचाऱ्यांची,” साहेब म्हणाले. त्यांनी माझं गणित पहिल्यापासून तपासलं आणि खाली सही केली. “आता बरोबर करून दे.”

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मोडलेलं नुसतं जोडायचं नव्हतं, सुधारूनही द्यायचं होतं. अपराध धुऊन निघाला आणि वर थोडं पुण्यही लागलं असा माझा हिशोब.

रविवारी सकाळपासून पटांगणात गावातले सगळे पुरुष जमले. खांब त्याच्या जुन्याच खड्ड्यात बसवला. उतारावरचे दगड त्यांनीच शोधून आणले. मी घड्याळ आणि टेप घेऊन एकेक जागा दाखवायचो, ते दगड पुरायचे. पश्चिमेच्या रेघा झाल्या, दुपार झाली, मग पूर्वेच्या सुरू झाल्या. रेघ जागेवर बसली की म्हातारे एकमेकांकडे बघून माना डोलवायचे. सहावी झाली. सातवीच्या जागेवर मी खूण केली आणि एकही मान डोलली नाही.

“इथे?” चाचांनी विचारलं.

“इथेच. हिशोबाने इथेच येते.”

“नक्की?”

“चाचा, सूर्य काही कुणाचा सोयरा नाही.”

चाचांनी दगड उचलणाऱ्याला इशारा केला. हमूद जरा लांब उभा होता. त्याच्या आजूबाजूची दहा पावलं जागा मोकळी होती. मी बघितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता, त्या खुणेकडे बघत होता. मग फावडं खांद्यावर टाकून निघून गेला. गेलास तर गेलास, मी मनात म्हटलं.

पुढचे दोन दिवस आमचं काम गावाच्या खालच्या अंगाला होतं. मंगळवारी दुपारी पाण्याच्या बाटल्या भरायला मी पाटापाशी गेलो. एक मध्यमवयाची बाई आपल्या खजुरांच्या आळ्यांत पाणी फिरवत होती. चाचांनी नंतर सांगितलं म्हणून नाव कळलं, झुवेना. अकरा झाडं एका ओळीत, प्रत्येकाला आळं. नऊ भरली आणि वरून चाचांची हाळी आली. तिने फावडं थांबवलं, सूर्याकडे बघितलं, मग उरलेल्या दोन कोरड्या आळ्यांकडे. मातीचा बांध फोडून पाणी पुढे सोडून दिलं. पुढे हमूदची बाग होती. तो स्वतःच्या बांधावर उभा होता, आणि पाणी येताना दिसलं तरी बराच वेळ जागचा हलला नाही.

मला काही समजलं नाही. बाटल्या भरल्या आणि आलो.

बुधवारी मी धारेवर एकटाच दुर्बीण लावून बसलो होतो. साहेब जीप घेऊन शहरात गेले होते. चाचा चढून आले. एवढ्या उन्हात ते वय आणि ती चढण, मी धावत खाली गेलो तर त्यांनी हात झटकला. खडकाच्या सावलीत बसलो. त्यांनी थर्मासमधून कॉफी काढली, एका घोटाचा पेला माझ्या हातात दिला.

“गाव फार खूश आहे तुझ्यावर,” ते म्हणाले. “सातवी सोडली तर सगळ्या रेघा बोटाबोटाने जुन्या जागी आल्या. नुसता सूर्य बघून कोणी इतकं हुबेहूब जुन्यासारखं मांडत नाही, बेटा. त्या जागा तुझ्याकडे लिहिलेल्या आहेत.”

मी पेला खाली ठेवला. नाकारायची सोयच ठेवली नव्हती त्यांनी.

“आम्हाला वाटलं, मागच्या लोकांच्या खुणा,” मी म्हटलं. “चाचा, मला खरंच...”

“ते मला शनिवारीच कळलं. तुझा साहेब खजुराची बी मुठीत घेऊन बसला होता तेव्हाच. ते राहू दे. सातवीचं सांगतो.”

आणि त्यांनी सांगितलं. सोळा वर्षांपूर्वी डोंगराच्या पोटातला पाट गाळाने बुजला. तो साफ करायला गावातून तिघं आत उतरले. वरचा दगड सुटला. दोघं बाहेर आले, झुवेनाचा नवरा आला नाही. गावाचं पाणी परत चालू झालं. तिच्या पदरात दोन लेकरं आणि अकरा झाडं, आणि पाण्याचा एकच भाग. एका भागात नऊ झाडं भिजतात.

“एक दिवस पहाटे मी गेलो आणि सातवी रेघ वीतभर सरकवली,” चाचा म्हणाले. “कोणाला विचारलं नाही. सहावी ते सातवी तिची पाळी. सातवीच्या पुढे हमूदची. वीतभर त्याच्यातून गेलं.”

“त्याला कळलं नाही?”

“सूर्य उगवल्यावर सगळ्यात आधी तोच आला. रेघेपाशी उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता गाव डोक्यावर घेतो. आणि तो गेला. सोळा वर्षं झाली, एक शब्द काढला नाही. मग बाकीच्यांनीही नाही काढला. सगळ्यांना माहीत. तिला सोडून. ती पटांगणात येत नाही, आणि आधी पाळी नवरा सांभाळायचा.”

“तिला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर ते दान झालं असतं. ती बाई दान घेणारी नाही. न बोललं तर ते नुसतं पाणी आहे.” चाचांनी पेला उलटा करून झटकला. “आता गाव म्हणतं, बघा, रेघा मोडल्या कुणी ते आता कळलं. ज्याला वीतभर परत मिळालं त्याने. इतकी वर्षं पोटात ठेवलं आणि शेवटी दात दाखवले. पुढच्या महिन्यात खजूर उतरवायचा आहे. एकट्याने होत नाही ते काम, सगळे सगळ्यांकडे जातात. हमूदकडे कोणी जाणार नाही असं ठरलंय. त्याच्या पोरीचं ज्या घरात ठरलंय, त्यांनीही निरोप पाठवलाय, जरा थांबू म्हणून.”

“तुम्ही सांगा ना त्यांना! तुम्हाला तर खरं माहीत आहे.”

“मी तोंड उघडलं की सोळा वर्षांपूर्वीचं सांगावं लागेल. झुवेना मग त्या वीतभरातला थेंबही घेणार नाही. तिची दोन झाडं जातील. आणि नाही सांगितलं तर हमूद जातो.” ते उठले. “मी तुला काही कर म्हणायला आलो नाही. तुझ्या वहीत सातवीची जुनी जागा लिहिलेली आहे, आणि तू ती बदललीस. का बदललीस तेवढं विचारायला आलो होतो. आता समजलं. तुला ती चूक वाटली.”

माझे वडील आमच्याकडे पाटकरी होते. फडाचं, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक पाटाचं पाणी वाटायचे. पावसाळा सोडला तर बारा महिने त्यांचे पाय चिखलात. कुणाच्या शेतात पाणी किती वेळ राहू द्यायचं, कुठे जरा काणाडोळा करायचा, हे त्यांच्या चेहऱ्यावर बघत मी मोठा झालो. आणि मी परक्या मुलखात येऊन एका पाटकऱ्याचं काम टेप लावून दुरुस्त केलं होतं. त्या दिवशी धारेवर बसून मला रडू आलं. आजूबाजूला बघायला कोणी नव्हतं, म्हणून पुसलंही नाही.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी पटांगणात गेलो. साहेबांना काही सांगितलं नव्हतं. पण ते जीप घेऊन मला न्यायला तिथेच आले आणि जीपला टेकून उभे राहिले. पाळीची माणसं जमलेली होती. हमूद फावडं घेऊन कडेला. झुवेना खाली बागेत होती, तिची पाळी नुकतीच सुरू झालेली. मी चाचांना म्हटलं, मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, सगळ्यांना सांगा.

“पहिली गोष्ट. शुक्रवारी दुपारी हे दगड मी उपटले. या हातांनी. हमूदचा काही संबंध नाही.”

चाचांनी अरबीत सांगितलं. कोणीतरी मोठ्याने काहीतरी बोललं, कोणीतरी त्याला गप्प केलं. सगळ्यांच्या नजरा हमूदकडे गेल्या आणि लगेच जमिनीकडे वळल्या.

“दुसरी गोष्ट. मी परत मांडल्या तेव्हा सातव्या रेघेचं गणित चुकलो. ती वीतभर पुढे पाहिजे. सूर्याच्या हिशोबाने ती तिथेच येते. आधी होती तेच बरोबर होतं.”

चाचांनी तेही सांगितलं, शब्दही न गाळता, असं मला त्यांच्या आवाजावरून वाटलं.

“देवरे!” साहेब मागून ओरडले. “काय बोलतोयस? गणित मी स्वतः तपासलंय. माझी सही आहे त्यावर.”

“चुकलंय साहेब.”

“कुठे चुकलंय? दाखव.”

“ते दाखवता येणार नाही. पण चुकलंय.”

साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. रागापेक्षा त्यात दुखावलेपण जास्त होतं. त्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. वालीकडे कोणी तक्रार केली नाही, काम एक दिवसही बंद पडलं नाही. दगड उपटल्याचं मी कबूल केलं, ते साहेबांनी आठ दिवसांत पोटात घातलं. पण गणिताचं नाही. “तुला बरोबर उत्तर आलेलं होतं,” ते म्हणाले, “आणि तू चारचौघांत ते चूक म्हणालास. आता तुझ्या कुठल्या आकड्यावर मी विश्वास ठेवू?” मी त्यांना खरं सांगू शकत होतो. पण ज्या गावाने सोळा वर्षं तोंड उघडलं नाही, त्याची गोष्ट मी तंबूत बसून चहाबरोबर सांगायची, हे मला जमलं नाही. जुलैत माझा करार संपवला. दाखल्यावर साहेबांनी लिहिलं, ‘वागणूक उत्तम, मोजणीचं काम भरवशाचं नाही.’ तो दाखला दाखवून मला पुन्हा मोजणीचं काम मिळणं शक्यच नव्हतं. मिळालंही नाही. धुळ्यात भावाच्या दुकानात लोखंडी पाइप विकण्यात माझी पुढची तीस वर्षं गेली. हात दाखवून अवलक्षण, असं आमची आई म्हणायची. तिलाही मी कारण सांगितलं नाही.

पटांगणात मात्र मी पहार उचलली. वही काढायची सोय नव्हती. जुनी नोंद बघून रेघ मांडली असती तर गणिताची थाप तिथेच उघडी पडली असती. सातव्या रेघेचे दगड एकेक करून उचकटले आणि अंदाजाने वीतभर पुढे नेऊन ठेवले. कोणी मदतीला आलं नाही. घामाने डोळे चुरचुरत होते. सावलीचं टोक मी रविवारी मांडलेल्या जागेपर्यंत आलं होतं, आणि ती ओलांडून हळूहळू पुढे निघालं होतं.

दगड ठेवून मी मागे सरकलो तेव्हा हमूद जवळ आला. त्याने फावडं खाली ठेवलं, उकिडवा बसला. मी ठेवलेल्या ओळीकडे बघितलं, मग खांबाकडे, मग पुन्हा ओळीकडे. त्याच्या कपाळावर आठी आली. मला वाटलं, झालं, आता हा भांडणार. त्याने मधला दगड दोन्ही हातांनी उचलला आणि दोन बोटं आणखी पुढे, खांबापासून लांब, स्वतःच्या पाळीत सरकवून ठेवला. मग त्याच्या ओळीत बाकीचे सगळे. टाचेने भोवतीची माती दाबली. चाचांकडे बघितलं. चाचांनी मान डोलवली, दगड आता सोळा वर्षांच्या जुन्या जागी आले होते.

खालच्या बागेतून झुवेनाने वर बघून काहीतरी विचारलं. तिला हाळी ऐकू आली नव्हती आणि सूर्य तर कालच्या वेळेपुढे गेला होता. चाचांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण हमूदने आधी दिलं, खेकसूनच, त्याला दुसऱ्या प्रकारे बोलताच यायचं नाही.

“काय म्हणाला?” मी चाचांना विचारलं.

“म्हणाला, ओरडतेस कशाला, अजून तुझीच पाळी आहे.”

हमूदने फावडं आडवं टाकलं आणि रेघेच्या पलीकडे उन्हात मांडी घालून बसला. सावलीला तिथे यायला अजून पाच-सात मिनिटं होती.